शेपटासाठी चीर

दांडिया बाजारात जिन्याखाली माझं दुकान.
पाटीवर अजून सासऱ्यांचंच नाव: माधवराव फणसे, लेडीज टेलर.
जसुभाई आला तो धनतेरसेच्या आदल्या आठवड्यात,
जेव्हा नाही म्हणायलाही वेळ नसतो.
चौदा फ्रॉक, म्हणाला. सगळे वेगळ्या मापाचे.
आणि मागे, कमरेखाली, चार बोटांची चीर.
कशाला?
नाटक आहे. पोरांचं. मगरींचं.

चाळीस वर्षं शिवतेय मी.
नाटकवाले आतून दुहेरी शिवण मागत नाहीत.
नाटकवाले विचारत नाहीत, पाण्यात रंग जाईल का.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.
कळलं होतं.
आगाऊ पैसे बटणांच्या डब्यात टाकले, खडू उचलला.

विश्वामित्रीची माणसं आम्हाला नवी नाहीत.
लहानपणी काळ्या घोड्याच्या पुलावरून आम्ही हात करायचो,
तीही करायची, ओल्या, खवल्यांच्या हातांनी.
एका पुरात त्यांच्यातल्या म्हातारीनं
माझ्या नणंदेला पाठीवर बसवून रावपुऱ्यात सोडलं,
भाड्याचा गूळ मागितला, तोही मुठीएवढाच.
त्यांच्यासाठी कायदा आहे. भिंतीवर रंगवलाय,
गुजरातीत, खाली मराठीत:
यांना विकू नये, यांना पाळू नये.
त्याच भिंतीला खेटून जसुभाईचा टेम्पो लागतो.

तेराव्या फ्रॉकचं माप त्याला सांगता येईना,
म्हणून तिलाच घेऊन आला, भर दुपारी, शटर अर्धं पाडून,
गोणपाटात गुंडाळलेली, वर ओला टॉवेल.
"सात पूर," तिनं वय सांगितलं, मी विचारलं नसताना.
नाव रेवली.
छाती चोवीस. खांदा साडेदहा.
शेपूट मोजायची हाताला सवय नव्हती.
टेप गार लागला तशी ती आक्रसली,
दोरा ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात तशी.
मनगटावर दोरीचा वळ होता.
त्याचं माप मी घेतलं नाही.

"कुठं नेणार?" जसुभाई बाहेर फोनवर होता.
"हौद आहे म्हणे. निळ्या फरशीचा. पाहुणे येतात."
मग तिनंच विचारलं,
"खिसा लावता येतो का?
आजीचा दात आहे माझ्याकडे. गालात धरून दुखतं."

संध्याकाळी पोलिसांना फोन केला.
शेपूट आहे का? मग वनखातं.
वनखात्याला केला.
बोलतात का? मग पोलीस.
पुन्हा पोलिसांना केला तेव्हा त्यांनी
माझं नाव विचारलं, दुकानाचा पत्ता विचारला,
आणि अर्ध्या तासात जसुभाईचा मेसेज आला:
बेन, शुक्रवारी रात्री दोनला माल हवा.
माल म्हणजे फ्रॉक, असं मी स्वतःला सांगितलं.

खिसा लावला. आतून, अस्तराला,
वरून दिसू नये असा.

आणि गुरुवारी, दुकान बंद करून,
मापांची वही घेऊन पुलावर गेले.
कठड्यावरून खाली नुसता काळोख, शेवाळाचा वास.
काय बोलावं सुचेना, म्हणून वहीच वाचली,
गिऱ्हाइकाला वाचून दाखवते तशी, मोठ्यानं.
रेवली. छाती चोवीस. खांदा साडेदहा. सात पूर.
बाकीच्यांची नावं मला माहीत नव्हती,
नुसती मापं वाचली.
सव्वीस. बावीस. बावीस. एकोणीस.
एकोणीसला खाली पाणी हललं.
मी थांबले नाही. चौदाही वाचली.
मग टेम्पोचा नंबर.
मग शुक्रवार, रात्री दोन, याच पुलावरून,
नदी ओलांडायची तर हाच जवळचा.
खाली किती डोळे होते ते मोजलं नाही.
मोजण्याचा कंटाळा आला होता.

शुक्रवारी फ्रॉक दिले. तेराच.
चौदावा, एकोणीसचा, झाला नाही असं सांगितलं.
तो अजून खुंटीवर आहे.

बाकीचे पैसे मागायला मी गेले नाही.
द्यायलाही कोणी आलं नाही.
शनिवारी पुलावर गर्दी होती म्हणे, कठडा तुटलेला.
मी त्या बाजूला फिरकले नाही. दिवाळीची कामं पडली होती.

आगाऊ रक्कम तशीच आहे, बटणांमध्ये.
तिचा गूळ आणायचाय.
किती आणावा, ते समजत नाही.